फॉर्म भरण्याआधी : नोकरी सांभाळून कॉलेज करायचे असेल तर

मे संपत आला की अमरावतीत पंचवटी चौकापासून राजकमलपर्यंत आणि अकोल्यात जठारपेठेपासून टॉवर चौकापर्यंत कॉलेजांचे फ्लेक्स लागतात. ‘नोकरी करता करता पदवी’, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, ‘हजेरीची चिंता नको’. बारावी झालेली पोरे ते वाचतातच, पण त्यांच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन तीस-पस्तिशीतली नोकरदार माणसे वाचतात. नांदगाव पेठच्या एमआयडीसीतला सुपरवायझर, अकोल्याच्या दालमिलमधला हिशेबनीस, दहा वर्षे मेडिकलचे काउंटर सांभाळणारा माणूस, पतसंस्थेतली लिपिक. शिक्षण अर्धवट सुटल्याची सल मनात असते आणि हातात थोडा पैसा आलेला असतो. जाहिरातीला भुलायला एवढे पुरते.

अशा माणसाने कॉलेज कसे पारखावे, याची ही कृती आहे. सगळ्या पायऱ्या नीट केल्या तर महिना-सव्वा महिना लागतो, म्हणून प्रवेश जून-जुलैत घ्यायचा तर मेच्या पहिल्या आठवड्यातच सुरुवात करावी. पूर्ण कृतीचा भर एकाच गोष्टीवर आहे. तुमच्या नोकरीचा जो सगळ्यात ताणाचा महिना असतो, त्या महिन्यात हे कॉलेज निभेल का, हे आधी पाहायचे. जूनच्या उत्साहात कोणतेही कॉलेज निभेल असे वाटते. माणसे गळतात ती डिसेंबरात आणि मार्चमध्ये.

१. कशासाठी शिकायचे ते एका वाक्यात लिहा

कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहायचे : ‘मला अमुक पद अमुक वर्षापर्यंत हवे आहे आणि त्या पदाला अमुक पात्रता लागते.’ वाक्याचा शेवटचा भाग मनाने भरायचा नाही. सरकारी किंवा निमसरकारी पद असेल तर त्या पदाची मागची भरतीची जाहिरात किंवा पदोन्नतीचे सेवाप्रवेश नियम मिळवा आणि पात्रतेची ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या. खासगी नोकरी असेल तर शेठला किंवा मॅनेजरला सरळ विचारा, ‘हे केले तर पगारात किती फरक पडेल?’ विचारायला संकोच वाटतो, पण पुढच्या दोन-तीन वर्षांचा पैसा आणि झोप या उत्तरावर अवलंबून आहे.

हे वाक्य लिहिले की कॉलेजांचे चार ढीग आपोआप पडतात.

पहिला ढीग ‘कोणत्याही शाखेची पदवी’ वाल्यांचा. लिपिकापासून पुढच्या कित्येक पदांना एवढेच लागते. अशांनी आधी मुक्त विद्यापीठ पाहावे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले ते अशाच माणसांसाठी. त्याचे विभागीय केंद्र अमरावतीत आहे आणि अभ्यासकेंद्रे दोन्ही जिल्ह्यांत आहेत. इग्नू १९८५ची, तिचे आपल्याला जवळचे प्रादेशिक केंद्र नागपूरला. मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असे यूजीसीने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. तरीही ‘मुक्तची डिग्री चालत नाही’ असे सांगणारा एखादा पानठेल्यावर भेटतोच. त्याचे ऐकू नका, जाहिरातीतली पात्रतेची ओळ वाचा.

दुसरा ढीग परवान्याचा. फार्मासिस्ट, वकील, नर्स, शिक्षक. इथे पदवीबरोबर बहुतेकांना परिषदेकडची नोंदणी लागते आणि परिषदांना प्रत्यक्ष हजेरी हवी असते. फार्मसी, नर्सिंग, कायदा, अभियांत्रिकी हे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने देता येतच नाहीत. मेडिकलच्या काउंटरवर दहा वर्षे काढलेल्या माणसाला औषधांची नावे तोंडपाठ असतात, पण डी. फार्मसीला वर्ग, प्रयोगशाळा आणि शिवाय ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण करावेच लागते. कायद्याचे तसेच. बार कौन्सिलच्या नियमांनुसार विधी महाविद्यालयाचे वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळातच घ्यायचे असतात आणि प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते. म्हणजे दहा ते सहा ऑफिस करणाऱ्याला ‘रात्रीचे एलएलबी’ मिळणे शक्य नाही. बी.एड.ला वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के हजेरी असते, दूरस्थ बी.एड. आहे ते आधीच प्रशिक्षित असलेल्या शिक्षकांसाठी. या ढिगातल्या माणसाला मोठी रजा काढावी लागेल किंवा नोकरीची वेळ बदलून घ्यावी लागेल. तिसरी वाट दाखवणाऱ्यापासून दूर राहा.

तिसरा ढीग तांत्रिक बढतीचा. आयटीआय झालेला फिटर, इलेक्ट्रिशियन यांना डिप्लोमा हवा असतो, डिप्लोमावाल्याला बी.ई. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हे अनेकांना माहीतच नसते आणि ते एक वर्ष फुकट घालवतात. शिवाय एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी वेगळ्या तुकड्या मंजूर करायला सुरुवात केली आहे. कॉलेजपासून ठरावीक अंतरातल्या नोंदणीकृत उद्योगात किमान एक वर्षाची पूर्णवेळ नोकरी ही या तुकड्यांची अट, आणि वर्गांच्या वेळा कामाच्या वेळा सांभाळून. अमरावती-बडनेऱ्याच्या किंवा अकोल्याच्या ज्या कॉलेजात तुम्ही जाल तिथे ‘नोकरदारांची तुकडी मंजूर आहे का, मंजुरीचे पत्र दाखवा’ असे म्हणा. ‘होणारच आहे’ हे उत्तर या वर्षासाठी ‘नाही’ असेच धरा.

चौथ्या ढिगातल्यांना मुळात पदवी लागतच नाही. टॅली आणि जीएसटी, सोलर बसवणे, सीएनसी मशीन, एक्सेल. इथे तीन-सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरतो. त्यासाठी तीन वर्षांच्या ‘करिअर ओरिएंटेड’ पदवीची फी भरणे म्हणजे पैसा आणि उमेद दोन्ही घालवणे. या ढिगातली माणसे इतर ढिगांत शिरतात तेव्हा मला सगळ्यात वाईट वाटते, कारण त्यांची गरज लहान आणि खरी असते.

२. भिंतीवरचे कालनिर्णय उतरवा

आता वेळ. कालनिर्णय टेबलावर पसरा आणि दोन रंगांची पेने घ्या. लाल पेनाने तुमच्या कामाच्या जड आठवड्यांवर खुणा करा. जिनिंगमधल्या माणसाचे दसरा-दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत लाल होईल. दालमिलमध्ये जानेवारीत नवी तूर यायला लागली की, पाठोपाठ हरभरा. बँक, पतसंस्था, लेखा विभाग यांचा मार्च. वरूड-मोर्शीकडे घरची संत्र्याची बाग असेल तर आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांची तोड. घरातली ठरलेली लग्ने, मुलांच्या परीक्षा, लक्ष्मी-महालक्ष्म्या हेही लालच.

मग निळ्या पेनाने कॉलेजचे वेळापत्रक. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात (१९८३ पासूनचे, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम या पाच जिल्ह्यांचे) परीक्षांना हिवाळी आणि उन्हाळी म्हणतात. हिवाळी परीक्षा बहुतेक वेळा ऐन कापसाच्या हंगामात येते. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरात. मागच्या दोन वर्षांची परीक्षेची वेळापत्रके विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून काढा आणि खऱ्या तारखांवर निळी खूण करा. प्रात्यक्षिक परीक्षा, सेमिनार, प्रोजेक्ट जमा करण्याची तारीखही टाका. उन्हाळी परीक्षेबद्दल एक लक्षात ठेवा : अकोल्याचा मे पंचेचाळीसच्या पुढे जातो. दुपारच्या पेपरला तीस किलोमीटरवरून मोटारसायकलने येणे तिशीतल्या माणसालाही झेपत नाही.

लाल आणि निळे जिथे एकमेकांवर येते ते दिवस मोजा. दहा-बारा दिवस असतील तर रजेने भागते. महिनाभर असेल तर हे कॉलेज तुमच्या नोकरीशी जमणारे नाही, मग इमारत कितीही सुंदर असो.

यानंतर आठवड्याचे तास. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला ४० क्रेडिट, एका क्रेडिटला अभ्यासाचे ३० तास. त्यात वर्ग, घरचा अभ्यास, असाइनमेंट सगळे आले. म्हणजे वर्षाला १,२०० तास. सण, लग्ने, दुखणी यांचे चार आठवडे सोडले तर उरलेल्या ४८ आठवड्यांत दर आठवड्याला २५ तास पडतात. आता तुमच्याकडचे तास मोजा. रोज रात्री दोन, असे पाच दिवस, आणि रविवारचे पाच : झाले १५. त्याने वर्षात ७२० तास, म्हणजे २४ क्रेडिट होतात. तीन वर्षांची १२० क्रेडिटची पदवी या वेगाने पाच वर्षे घेईल. हे निराश करण्यासाठी सांगत नाही. पाच वर्षांत झालेली पदवीही पदवीच असते. पण मग अशी संस्था निवडा जिथे नोंदणी तेवढी वर्षे चालते, विषय मागेपुढे देता येतात आणि राहिलेल्या विषयांसाठी पुन्हा पूर्ण फी मागत नाहीत. हे तिन्ही प्रश्न वहीत लिहून ठेवा, चौथ्या पायरीत लागतील.

३. कागद तपासा, स्वतः

मान्यतेची कागदपत्रे एजंटच्या मोबाइलवर पाहायची नाहीत. प्रत्येक प्रकाराचा मालक वेगळा आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या यादीत ते विद्यापीठ आणि तोच अभ्यासक्रम, त्याच सत्रासाठी, आहे का ते पाहा. विद्यापीठ यादीत असते आणि अभ्यासक्रम नसतो, असेही घडते. पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंग, एमबीएला एआयसीटीईचे त्या वर्षाचे मंजुरीपत्र लागते, आणि २०२४-२५ पासून बीबीए, बीसीएसुद्धा त्याच कक्षेत आले आहेत. डिप्लोम्याला राज्य तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता हवी, पदवीला विद्यापीठाची.

२०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याला याच ब्युरोचा डेब-आयडी काढावा लागतो. तो स्वतः काढा. ‘आम्ही काढून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका.

बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाचे ‘स्टडी सेंटर’ एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये, कोचिंग क्लासच्या वर थाटलेले दिसले तर तिथूनच परत फिरा. यूजीसीच्या नियमांत दूरस्थ शिक्षणाची फ्रँचायझी देता येत नाही. अभ्यासकेंद्र हे खऱ्या, चालत्या महाविद्यालयातच असावे लागते. आणि दूरस्थ पद्धतीने घेतलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचे काय झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१७च्या निकालात दिसते. चार अभिमत विद्यापीठांच्या हजारो पदव्या अडचणीत आल्या, त्यात वर्षानुवर्षे नोकरी करून शिकलेलेच लोक जास्त होते.

याच पायरीत ‘नॉन-अटेंडिंग’चे बोलून घेऊ. नियमित कॉलेजात नाव घालायचे, फी भरायची, परीक्षेपुरते उगवायचे आणि हजेरी कोणीतरी ‘लावून’ घेणार. “हजेरीचं पाहून घेऊ आपण, तुम्ही फक्त परीक्षेले या,” असे गोड बोलून सांगतात. मला यातला धोका नैतिक तर वाटतोच, पण कागदाचाही वाटतो. सोमवार ते शनिवार दहा ते पाच तुम्ही मस्टरवर कामावर हजर आणि त्याच तासांना कॉलेजच्या हजेरीपटावरही हजर, असे दोन कागद तयार होतात. उद्या बढतीच्या किंवा भरतीच्या वेळी कागदपत्र पडताळणीत ते शेजारी-शेजारी ठेवले गेले की पदवी तरी जाते नाही तर त्या काळाचा अनुभव. वर्गात बसायला वेळ नसेल तर मुक्त विद्यापीठाची पदवी याच्यापेक्षा स्वस्त, आणि ती ताठ मानेने दाखवता येते.

४. तुमच्या वेळेला कॉलेजात जा

माहितीपत्रक घ्यायला सकाळी अकराला जातात सगळे. तेव्हा चौकशीची खिडकी उघडी, एसी चालू, मॅडम हसून बोलतात. तुम्ही ज्या वेळेला शिकायला येणार त्या वेळेला जा. संध्याकाळची तुकडी असेल तर साडेसहाला, रविवारचे संपर्क वर्ग असतील तर रविवारी. आत जाण्याआधी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा. कंपनीचा युनिफॉर्म घातलेली, पाठीवर डब्याची पिशवी असलेली माणसे आत जाताना दिसतात का? की संध्याकाळी गेट बंदच असते? चहावाल्याला विचारले तर तो सगळे सांगतो, कारण रात्रीची तुकडी असेल तर त्याची टपरी नऊपर्यंत चालते.

आत गेल्यावर वर्गाच्या दारातून पाहा. फळ्यावर आजची तारीख आहे का. ट्यूबलाइट लागतात का. पंखे फिरतात का. ग्रंथालयाची वेळ दारावर लिहिलेली असते, ती पाच वाजेपर्यंत असेल तर तुमच्यासाठी ग्रंथालय नाहीच असे समजा. प्रयोगशाळेला कुलूप असेल तर चावी कोणाकडे आणि तो माणूस किती वाजेपर्यंत थांबतो, हे विचारा. स्वच्छतागृह पाहा, बायकांचे जरूर पाहा. कार्यालयातली खिडकी संध्याकाळी उघडी असते का? नसेल तर प्रत्येक बोनाफाइडसाठी, प्रत्येक परीक्षा अर्जासाठी अर्ध्या दिवसाची रजा जाईल. वर्षाला अशा आठ-दहा अर्ध्या रजा जातात आणि त्या कोणी हिशेबात धरत नाही.

मग प्राचार्य किंवा विभागप्रमुखांना भेटा आणि वहीतले प्रश्न विचारा. एक प्रश्न आणखी : “तुमच्याकडे मागच्या तीन वर्षांत किती नोकरदारांनी प्रवेश घेतला आणि त्यातले किती जण पास होऊन बाहेर पडले?” आकडा तोंडावर नसला तरी हरकत नाही, दोन दिवसांनी या म्हणाले तर जा. हा प्रश्नच आवडला नाही, असे चेहऱ्यावर दिसले तर तेच उत्तर.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांनी तुम्ही हुरळू नका. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या बहुतेक करून नवख्या पोरांना घेतात, वयाची किंवा शिक्षणातल्या खंडाची अट घालतात. पस्तिशीतल्या, आधीच नोकरीत असलेल्या माणसाला त्याचा उपयोग फार थोडा. तुमच्यासाठी विचारायचा प्रश्न असा, की इथून शिकलेल्या नोकरदारांपैकी कोणाची बढती झाली, कोणाचा पगार वाढला.

५. दोघांना भेटा : एक पार पडलेला, एक सोडलेला

कॉलेजने दिलेल्या नावाला भेटू नका. तुमच्याच कंपनीत, तुमच्याच गावात विचारा, एखादा निघतोच. पार पडलेल्याला विचारा की परीक्षेच्या वेळी सुटी कशी मिळाली, कोणत्या विषयात अडला, निकाल आणि गुणपत्रिका हातात यायला किती महिने लागले.

सोडलेल्याला शोधणे जास्त गरजेचे. तो लाजतो, टाळतो. त्याला चहाला बोलवा आणि “काहून सोडलं?” असे सरळ न विचारता “कोणत्या महिन्यात जड जायला लागलं?” असे विचारा. मग बोलतो. महिना कळला की तुमच्या कालनिर्णयावर पाहा, त्या ठिकाणी तुमचेही लाल आहे का. मला या पायरीचे मोल सगळ्यात जास्त वाटते. आपल्याकडे नापासाची आणि अर्धवट सोडल्याची गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो.

६. खर्चाचा पूर्ण कागद

फी हा खर्चाचा एक भाग. बाकीचे शोधून लिहावे लागतात. समजा, मूर्तिजापूरचा माणूस अकोल्याच्या कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यासक्रम करतो. वर्षाची फी ४५,०००, परीक्षा आणि इतर शुल्क ५,०००, पुस्तके-झेरॉक्स ५,०००. जाणेयेणे दिवसाला १०० रुपये धरून महिन्याचे वीस दिवस, दहा महिने : २०,०००. संध्याकाळचा ओव्हरटाइम सुटला, महिन्याला २,००० प्रमाणे दहा महिन्यांचे २०,०००. वर्षाचे झाले ९५,०००, दोन वर्षांचे १ लाख ९० हजार. आता पगारात महिन्याला ४,००० वाढ मिळणार असेल तर वर्षाला ४८,०००, म्हणजे पदवी हातात आल्यावर चार वर्षांनी पैसा फिटतो. वय ३५ असेल तर चांगला सौदा. वय ५३ असेल तर पैशासाठी करू नका, शिकण्याच्या आनंदासाठी करायचे असेल तर जरूर करा, पण तेही कमी फीच्या ठिकाणी.

व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी कॉलेज मनाने ठरवत नाही. २०१५च्या कायद्यानुसार राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी ठरवते आणि ती त्याच्या संकेतस्थळावर दिसते. मागितलेली फी आणि तिथली फी जुळवून पाहा. ‘विकास निधी’ वगैरे वेगळ्या पावतीने मागितले तर कशाखाली घेता ते लेखी मागा. मुलींसाठी २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांत, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाला शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. नोकरी करणाऱ्या बाईने व्यवस्थापन कोट्यात पैसे भरण्याआधी हे तपासावेच.

शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर व्याजावर आयकराची ८०-ई ची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही.

७. घरी आणि ऑफिसात बोलणी

सरकारी, जिल्हा परिषदेच्या, अनुदानित संस्थेच्या कर्मचाऱ्याने उच्च शिक्षणासाठी कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्यावी. नंतर घेतलेली परवानगी सेवापुस्तकात नोंद करताना अडते. खासगी नोकरीत लेखी मिळाले नाही तर निदान मॅनेजरला व्हॉट्सॲपवर परीक्षेच्या तारखा कळवून त्याचा ‘ठीक आहे’ घेऊन ठेवा.

घरी बोलताना मात्र ‘मी शिकणार आहे’ एवढे सांगून चालत नाही. संध्याकाळी सात ते नऊ मुलांचा अभ्यास कोण घेणार, सासूबाईंची औषधे कोण आणणार, गुरांचे कोण पाहणार, ही कामे नावानिशी वाटून घ्या. बायकांच्या बाबतीत हे दुप्पट खरे आहे. नवरा “शिक ना, माझी काय ना आहे” म्हणतो आणि रात्री साडेनऊला आलेल्या बायकोनेच पोळ्या लाटायच्या असतात. तेव्हा होकार घेताना स्वयंपाकाचेही ठरवून घ्या. दर्यापूर, अंजनगाव, अकोटकडून येणाऱ्या बाईने परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ स्थानकावर जाऊन विचारावी आणि एक दिवस त्याच गाडीने घरी येऊन पाहावे. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून दर्यापूर-अंजनगावच्या पट्ट्याला एसटीशिवाय आधार नाही. अमरावती-अकोला रस्ता आता चांगला झाला, ७५ किलोमीटरच्या डांबरीकरणाचा गिनेस विक्रम २०२२ मध्ये याच रस्त्यावर झाला. पण रात्री ट्रकांच्या रांगेत दुचाकी चालवणे तेव्हाही धोक्याचे होते, आजही आहे. शंभरेक किलोमीटर अंतरावरच्या दुसऱ्या शहरात रोजचे कॉलेज नोकरदाराने घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

८. चार आठवडे करून पाहा

फी भरण्याआधी चार आठवडे कॉलेज सुरू झाले आहे असे धरून जगा. केंद्र सरकारच्या स्वयम संकेतस्थळावर तुमच्या विषयाचा एक अभ्यासक्रम घ्या, शिकायला पैसे पडत नाहीत. ठरवलेल्या वेळेला रोज बसा आणि किती तास झाले ते कालनिर्णयाच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहा. कॉलेजच्या दिवशी कॉलेजपर्यंत जाऊन या, आत जाण्यासारखे काही नसेल तरी ग्रंथालयात किंवा बाहेरच्या बाकावर तासभर वाचा. शक्य असेल तर हे चार आठवडे तुमच्या जड महिन्यातले घ्या. मे-जून हलके असतील तर मिळालेल्या तासांतून एक तृतीयांश वजा करा, हंगामात तेवढे जातात.

चारपैकी तीन आठवडे ठरवलेल्या तासांच्या आसपास निघाले तर प्रवेश घ्या. दोनच निघाले तर विषय कमी घेता येतील अशी संस्था शोधा. एकही निघाला नाही तर या वर्षी राहू द्या. तसे ठरवले तर पुढच्या मेपर्यंत कालनिर्णयावर पुन्हा एकदा जड आठवडे लिहीत राहा, नोकरीतल्या वेळा बदलतात, मुले मोठी होतात, आणि पुढचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही.

९. प्रवेशाच्या दिवशी

मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी दाखवायची आणि परत घ्यायची. मूळ गुणपत्रिका, टीसी, जातीचे प्रमाणपत्र कॉलेजला ठेवून घेता येत नाही, हे यूजीसीच्या २०१८च्या अधिसूचनेत आहे. फी परतीचे टप्पेही त्यातच आहेत : प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस किंवा त्याआधी सोडले तर प्रक्रिया शुल्क वजा जाऊन पूर्ण, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, पुढे काही नाही. दरवर्षी यावर वेगळे परिपत्रक निघू शकते, तेवढे पाहून घ्या. ही शेवटची तारीख कालनिर्णयावर गोल करून ठेवा आणि पहिले वर्ग तिच्या आत बसून पाहा. सांगितलेली संध्याकाळची तुकडी खरेच भरते का, हे त्या दिवसांत कळते.

पैसे ऑनलाइन किंवा डीडीने, कॉलेजच्या खात्यातच. एजंटच्या, लिपिकाच्या फोनपेवर नाही. पावतीवर अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, वर्ष, शिक्का आणि शुल्काचे तपशील वेगवेगळे लिहिलेले हवेत. नुसती ‘फी’ लिहिलेली पावती खिडकीवरूनच परत करा आणि नवी लिहून मिळेपर्यंत तिथेच थांबा.